रजेचं कारण : ताप

गेल्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या तिघींच्या हातात ऑफर लेटर पडलं. मग काय, कट्ट्यावर दोन दिवस तोच विषय. सीटीसी किती, इन हँड किती येणार, बॉण्ड आहे का, शनिवारी सुट्टी का. सगळं बोलून झाल्यावर चहा संपता संपता एकीने शेवटच्या पानावरची ओळ वाचली, ‘ग्रुप मेडिक्लेम, 3 लाख रुपये’. ‘‘चला, आजारी पडायची सोय झाली,’’ कुणीतरी म्हणालं. आम्ही हसलो आणि उठलो.

घरी जाताना ट्रेनमध्ये तीच मैत्रीण हळूच म्हणाली, ‘‘यात माझं पीसीओएस बसतं का गं?’’ तिला बारावीपासून त्रास आहे. गोळ्या, मधूनमधून सोनोग्राफी, हॉर्मोन्सच्या टेस्ट. सगळा खर्च बाबा करतात. आम्ही पॉलिसीची पीडीएफ उघडली. नाही बसत. कारण त्यासाठी तिला ॲडमिट व्हावं लागत नाही. बहुतेक मेडिक्लेम हॉस्पिटलात भरती झाल्यावरच पैसे देतात. डॉक्टरची फी, औषधं, टेस्ट म्हणजे ओपीडीचा खर्च हवा असेल तर कंपनीने वेगळं कव्हर घ्यावं लागतं. वंध्यत्वावरचे उपचार तर सहसा ‘हे मिळणार नाही’च्या यादीतच असतात. बाळंतपण होतं, तेही ठराविक रकमेपर्यंत.

आता विचार करा. पाळीचं दुखणं, पीसीओएस, ॲनिमिया, थायरॉइड, पुढे मेनोपॉज. बायकांच्या आयुष्यातली बरीचशी दुखणी ओपीडीतली असतात. ती ॲडमिट करत नाहीत, रोज आपल्यासोबत ऑफिसला येतात.

‘‘मग एचआरला विचार ना,’’ मी म्हटलं.

‘‘वेडी आहेस का? जॉइन व्हायच्या आधीच आजारी आहे असं वाटेल त्यांना.’’

तिला बोलायचा मला काही हक्क नाही. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात पोटात कळा येत असताना मी मेसेज टाकला होता, ‘सर, ताप आलाय, आज येऊ शकत नाही.’

हे आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. ‘‘अगं, मीपण तापच लिहिते.’’ आई 49 वर्षांची आहे. एका खासगी ऑफिसात 25 वर्षं अकाउंट्स सांभाळतेय. गेली दोन वर्षं तिला मध्येच दरदरून घाम फुटतो, रात्र रात्र झोप लागत नाही आणि पाळी आली की आठ-आठ दिवस थांबत नाही. मागच्या वर्षी तिने प्रमोशन नाकारलं. घरी म्हणाली, आता जबाबदारी नको. खरं कारण मला परवा कळलं. नव्या पोस्टला महिन्यातून दोनदा फिरती होती. नेमके ते दिवस आले तर फिरती पुढे ढकलता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. साहेबांना कसं विचारणार, म्हणून तिने पोस्टच नको म्हटलं.

मी झाले तेव्हा तिला 12 आठवड्यांची रजा मिळाली होती. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण बाईची नोकरी साधारण बाविसाव्या वर्षी सुरू होते आणि साठीला संपते. त्यातली एक-दोन वर्षं बाळंतपणाची. उरलेल्या पस्तीसेक वर्षांचं काय? आणि जिला मूलच नको, तिचं काय?

पाळीच्या रजेवर तरी बोलणं सुरू झालंय. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या महिलांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस विशेष रजा मिळते. झोमॅटोने 2020 मध्ये वर्षाला 10 दिवस दिले. कर्नाटक सरकारने 2025 मध्ये वर्षाला 12 दिवसांच्या पगारी रजेचं धोरण मंजूर केलं. पण 2024 मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयानेच एक भीती बोलून दाखवली. अशी रजा सक्तीची केली तर मालक बायकांना नोकरीच देणार नाहीत.

ही भीती खोटी नाही. आमच्या वर्गातला एक मित्र सरळ म्हणाला, ‘‘मी कंपनी काढली तर मुलगाच घेईन, भानगड नको.’’ राग आला, पण हिशोब त्याचा बरोबर होता. 26 आठवड्यांचा पगार बहुतेक ऑफिसांत थेट मालकाच्या खिशातून जातो. मग तो हात आखडणारच.

पण याला वाट आहे आणि ती आपल्याकडेच आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक 3.25 टक्के आणि कर्मचारी 0.75 टक्के भरतो, बाई असो वा पुरुष. बाळंतपणाच्या रजेतले पैसे त्या सामाईक निधीतून मिळतात. ओपीडीही त्यात आहे. म्हणजे बाईला नोकरी दिली म्हणून मालकाला जास्तीचा भुर्दंड नाही. हीच पद्धत जास्त पगारांनाही लावली तर माझ्या मित्राचा हिशोबच बदलेल.

बाकीच्या गोष्टी तर फार खर्चाच्याही नाहीत. कारण न विचारता मिळणारी आजारपणाची रजा, मुलांनाही. विम्यात थोडं ओपीडी कव्हर. वार्षिक तपासणीत चाळिशीनंतर स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस पुण्यातच तयार होते, पण आमच्यापैकी किती जणींनी ती घेतलीय?

आणि हो, हे सगळं वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. आपल्याकडे निदान रजेचा अर्ज तरी आहे. बीडच्या ऊसतोड बाईला एक दिवस खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने तिथल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं होतं. त्यांचा मालक नक्की कोण, कारखाना की मुकादम, यावरच अजून वाद आहे. आजारपणाची रजा ही ‘पोश’ ऑफिसांची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या फडात जाऊन बघावं.

म्हणून यंदा प्लेसमेंटला बसणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारतात ना, तेव्हा सीटीसीच्या जोडीला हेही विचारा की विम्यात ओपीडी आहे का, आजारपणाच्या रजेला कारण द्यावं लागतं का, पाळणाघर आहे का. आणि मुलांनो, हे तुम्ही विचारा. एकटी मुलगी विचारते तेव्हा ती ‘आजारी’ ठरते. दहा जण विचारतात तेव्हा एचआरला वही काढून लिहून घ्यावं लागतं.

सुरुवात स्वतःपासून करते. हा लेख छापून यायच्या आधी ज्यांच्या टेबलावर जाईल, त्याच सरांना मी तो मेसेज पाठवला होता. सॉरी सर, त्या दिवशी ताप नव्हता.