वजनाच्या इंजेक्शनाआधी जुन्या गोळ्यांचा हिशेब

वजन उतरवणारी इंजेक्शने आता मुंबई-पुण्याच्या बड्या लोकांपुरती राहिलेली नाहीत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे ‘वेगोव्ही’ आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. भाव उतरला की माल तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. अमरावती-नागपूर हमरस्त्यावरील गुरुकुंज मोझरीसारख्या गावात तर दोन्ही शहरांचा माल आणि दोन्ही शहरांच्या बातम्या लवकर येतात. तेथील आणि आसपासच्या आपल्या दुकानदार, कारागीर बांधवांनी हे इंजेक्शन घेण्याआधी काय पाहावे, एवढाच प्रश्न येथे आहे.

औषध खोटे नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. हृदयविकार असलेल्या जाड माणसांना त्याचा फायदा होतो, मधुमेहाने बिघडलेल्या मूत्रपिंडालाही होतो, हे २०२३ आणि २०२४ च्या चाचण्यांत दिसले. शंभर किलोचा, शुगर असलेला आणि गुडघे धरलेला माणूस याचा विचार करत असेल तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आयुष्यभर गादीवर किंवा शिलाई मशीनवर बसून काम करणाऱ्याला ‘चालत जा, कमी खा’ एवढेच सांगणे सोपे असते.

पण आपल्यात हे इंजेक्शन घ्यायला निघणारा माणूस बहुधा कोरा नसतो. त्याची शुगरची गोळी अमरावतीच्या एका डॉक्टरची, प्रेशरची दुसऱ्याची, आणि कंबरदुखीची गोळी मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली. तिन्ही चिठ्ठ्या एका डॉक्टरने एका वेळी पाहिलेल्याच नसतात. उधारीच्या तीन वह्या वेगवेगळ्या ठेवून कोणी दुकान चालवत नाही, शरीर मात्र आपण तसे चालवतो. धोका आहे तो इथेच.

हे इंजेक्शन म्हणजे इन्सुलिन नव्हे. ते भूक मारते आणि पोट रिकामे होण्याची गती मंदावते. माणूस निम्म्यावर जेवण सोडतो. पण सकाळची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही शुगरची गोळी पूर्वीच्याच जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते, इन्सुलिनचे युनिटही तसेच. जेवण निम्मे आणि गोळी पूर्ण, म्हणजे दुपारी शुगर एकदम खाली. घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी असलेला माणूस साखर खाऊन सावरेल. तिवसा ओलांडून नागपूरकडे भरलेला ट्रक नेणाऱ्याचे काय? वेल्डिंगची मशीन हातात धरलेल्याचे काय? म्हणून इंजेक्शन सुरू करताना या गोळ्यांचे किंवा इन्सुलिनचे प्रमाण कमी करावे लागू शकते. ते डॉक्टरनेच ठरवायचे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ही भीती फार कमी, पण अनेकांच्या एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात, आणि ते त्यांना ठाऊक नसते. पाकिटावरचे नाव वाचून घ्या.

दुसरी गोष्ट प्रेशरची. सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, उलट्या, जुलाब अनेकांना होतात. अंगातले पाणी कमी होते, आणि त्यात लघवी वाढवणारी प्रेशरची गोळी चालू असेल तर रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडावर ताण येतो. वरून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली तर तो ताण आणखी वाढतो. गाद्या भरणारे, हमाली करणारे, दिवसभर उकिडवे बसून काम करणारे आपले कारागीर ही गोळी शेंगदाण्यासारखी खातात, आणि डॉक्टरने ‘काय काय घेता?’ विचारले तर तिचे नावही घेत नाहीत. तिला ते औषध समजतच नाहीत! वऱ्हाडच्या मे महिन्यात तर उलटी-जुलाबाशिवायही अंगातले पाणी आटते.

काहींनी या वाटेला जाऊच नये. स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर हे औषध नको. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्ताचे खडे असतील, मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. शुगर झपाट्याने उतरली की पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो, म्हणून डोळे आधी तपासून घ्यावेत. गरोदरपणात हे चालत नाही. टिर्झेपटाइडमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळीचा असर कमी होतो, ही बाब घरातील स्त्रियांपर्यंत पोचत नाही. ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला इंजेक्शनाची कल्पना द्यावी.

रमजानचा मुद्दा वाचक विचारतीलच. इंजेक्शन आठवड्यातून एकदाचे असल्यामुळे ते इफ्तारनंतर घेता येते. खरी काळजी रोज्यात शुगर घसरण्याची आणि पाणी कमी पडण्याची आहे. म्हणून हे औषध रमजानमध्ये नव्याने सुरू करू नये, त्याचे प्रमाणही तेव्हा वाढवू नये. दीड-दोन महिने आधीच डॉक्टरकडे जावे. औषध जनावराच्या अवयवातून काढलेले नाही, हेही येथे सांगून टाकतो. सेमाग्लुटाइड यीस्टच्या साहाय्याने किंवा रासायनिक पद्धतीने बनते, टिर्झेपटाइड रासायनिक पद्धतीने.

आता पैशाचे. बाजारात आले तेव्हा मौंजारोच्या २.५ मिलीग्रॅमच्या कुपीचा भाव ३,५०० रुपये आणि ५ मिलीग्रॅमचा ४,३७५ रुपये होता. आठवड्याला एक कुपी धरली तर दुसऱ्या भावाने चार आठवड्यांचे १७,५०० रुपये, वर्षाच्या ५२ आठवड्यांचे दोन लाख साडेसत्तावीस हजार. देशी माल स्वस्त पडला तरी हिशेब महिन्याचा करू नका, वर्षांचा करा. प्रमाण हळूहळू वाढवतात, त्याबरोबर खर्चही वाढू शकतो. आणि औषध थांबवले की वजन परत येते. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचे उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आल्याचे दिसले आहे. आपल्या भागात दुकानाचा गल्ला कापूस-सोयाबीनच्या भावावर चालतो. जून २०२५ मध्ये याच मोझरीत बच्चू कडू यांनी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी अन्नत्याग केला, तो उगाच नव्हे. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर आपल्या गल्ल्यातही नसतो. हंगामी मिळकतीवर बारमाही खर्च अंगावर घेऊन, चार महिन्यांनी तो सोडून द्यायचा असेल तर सुरू न केलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला झेपते त्यानेही जेवणात डाळ, अंडी, मासे-मटण यांची कमी होऊ देऊ नये आणि थोडी ताकदीची मेहनत चालू ठेवावी. चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि कारागिराचे भांडवल त्याचे हातपायच.

औषध दुकान चालवणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. माल २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचा असतो, गोठता कामा नये. बाहेर ठेवण्याची सूट थोड्या दिवसांची आणि तीही ३० अंशांपर्यंतच. अमरावतीच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असताना, मोटारसायकलच्या डिकीतून नागपूरहून आणलेली पेन विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे होय. लाइट गेल्यावर फ्रिज किती वेळ थंड राहतो, हे मोजून ठेवा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकविषयी इशारा दिला होता, तेव्हा माल बिलानेच घ्या आणि बॅच नंबर पाहा.

शुगर आणि प्रेशरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील सर्वांना मोफत मिळते. इंजेक्शनाचे नाव काढण्याआधी ती करून घ्या, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरच्या टेबलावर रिकामी करा. कंबरदुखीच्या गोळीसकट.