पणजोबाचं नाव कोण विचारतंय?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातला मुलगा जात पडताळणीचा अर्ज भरायला माझ्याकडे आला होता. प्रतिज्ञापत्रात वंशावळ लिहायची होती. वडील, आजोबा लिहून झाले आणि तो थांबला. सोबत आलेली आजी म्हणाली, "आमना आजाना बापनं नाव कोनले माहीत?" त्याआधी एका कार्यालयात त्याला ऐकवलं होतं, "स्वतःचं खानदान माहीत नाही आणि सवलत पाहिजे?"

हे वाक्य मला विसरता येत नाही. कारण प्रश्न त्या मुलाच्या आठवणीचा नाही, गावाच्या दप्तराचा आहे.

अमेरिकेत वसाहतकाळातला पूर्वज शोधणं हा प्रतिष्ठेचा छंद आहे. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही 1890 ची संस्था. स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावणारा पूर्वज सिद्ध केला तरच सभासदत्व. याच संस्थेने 1939 मध्ये मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला आपलं सभागृह नाकारलं. कृष्णवर्णीय माणूस पूर्वज शोधायला निघाला की बहुधा 1870 च्या जनगणनेपाशी अडतो. त्याआधी 1850 आणि 1860 मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यांत मालकाचं नाव आणि खाली गुलामांचं वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव जवळजवळ नाहीच. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली, ती हे नातं ओळखूनच.

आता आपल्याकडे बघा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या सापडतात. ज्यांना काळाराम मंदिराच्या दारासाठी 2 मार्च 1930 पासून सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या पिढ्या त्या वह्यांत कोण जपणार होतं?

उलट गावाची आठवण आपल्याच माणसांनी सांभाळली. शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष काढायचे. अमक्याची जमीन कुठवर, हे तो सांगायचा आणि गाव मानायचं. अनेक गावांत जन्म-मृत्यूच्या वर्दीसाठी पायपीट करणारेही आपलेच होते. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, अशा पायपिटीवर उभं राहिलं. आज त्याच कोतवाल बुकातून कुणबी नोंदी शोधल्या जातात. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली, दप्तरं उपसली, मोडी वाचणारे बसवले. त्या शोधाला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच की आमच्या पोराला मात्र 2001 च्या कायद्याचं कलम 8 का दाखवता? पुराव्याचा भार अर्जदारावर! 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा कागद तूच शोध. ज्याच्या पणज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याकडे पणज्याचा शाळेचा दाखला मागायचा, याला काय म्हणावं?

आणखी एक दुखणं आहे. 1956 ला आपण जी ओळख टाकली, तिचाच कागद आज जपून ठेवावा लागतो. घरात त्रिशरण आणि फायलीत 'हिंदू महार'. 1990 मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं, पण धागा सिद्ध करायचा तो जुन्या जातीपर्यंतच.

इथे आपल्याच तरुणांशीही भांडायचं आहे. व्हॉट्सअॅपवर कुणी आपलं घराणं राजवंशाला जोडतो, कुणी रक्ततपासणीतून नागवंश काढतो. मित्रांनो, राजाचं रक्त निघालं तर आपण माणूस, नाहीतर नाही का? जन्मावर मोठेपण मोजण्याचा मनूचा तराजू आपण फेकला की फक्त पारडं बदललं? कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावं आहेत, ती आपल्यासाठी मोलाची आहेत. पण ती कोरणाऱ्या इंग्रजांनीच 1892-93 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली, हेही लक्षात ठेवा. साहेबाने नाव लिहिलं ते त्याच्या गरजेपुरतं.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये पूर्वज शोधले, पण एका घराण्याचे नव्हे. अस्पृश्यता कशी आली, हा त्यांचा प्रश्न होता. आणि ग्रंथ अर्पण केला नंदनार, रविदास, चोखामेळा यांना. तिघांचे प्रांत वेगळे, जाती वेगळ्या. रक्ताची नव्हे, कर्तृत्वाची वंशावळ.

मग कागद शोधायचेच नाहीत का? शोधायचे, पण मिरवायला नव्हे, हक्कासाठी. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. वतनाच्या जमिनीचे जुने उतारे काढा. 1959 ला वतनं गेली, पण जमिनी कुणाच्या घशात गेल्या ते त्यांतूनच कळेल. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, माहितीचा अधिकार वापरा, दोघा-तिघांनी मोडी शिका. आणि आज्या-पणज्यांची नावं लिहा. सरकारी वंशावळीत फक्त बापे असतात; ज्यांनी पोरं जगवली त्या बायांना तिथे रकाना नाही.

सरकारकडे मागणी एकच: कुणबी नोंदींसाठी जसं दप्तर उघडलंत, तसं आमच्यासाठीही उघडा आणि गावनिहाय नोंदी जाहीर करा.

त्या मुलाच्या पणजोबाचं नाव शेवटी एका जुन्या उताऱ्यावर मिळालं. आजीने ते दोनदा वाचून घेतलं. ते नाव नसतं मिळालं तरी तो मुलगा तेवढाच माणूस होता. लाज वाटायची असेल तर ती नाव न लिहिणाऱ्यांना वाटावी.

जयभीम!