न करण्याचा कारभार



सरकार चांगले की वाईट हे ठरवताना आपण त्याने काय काय केले याचीच यादी मागतो: किती किलोमीटर, किती कोटी, किती लाभार्थी. प्राचीन चीनमधल्या लाओ त्झूच्या नावावर असलेला ताओ विचार याच्या उलट टोकाचा आहे. राज्यकर्त्याची लुडबूड जितकी कमी तितके राज्य सुरळीत, आणि काम तडीस गेल्यावर ते आपणच केले असे लोकांना वाटले पाहिजे. संन्याशाची वाटणारी ही कल्पना आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात, बऱ्याच अंशी वापरून झाली आहे. पर्जन्यछायेतले हे गाव, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून चर, बंधारे, झाडे झाली; पण तशी कामे शेकडो गावांत झाली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण गावाने काय करायचे नाही हे ठरवले त्यात आहे. कुऱ्हाड नाही, मोकाट चराई नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. डोंगराला आणि विहिरींना उसंत मिळाली. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे, मग जनावरे, उरेल त्यात शेती.

याच्याशेजारी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले राज्य सरकारचे जलयुक्त शिवार अभियान ठेवून पाहावे. वर्षाला ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे लक्ष्य, नाल्यांत उतरलेली पोकलेन यंत्रे, ९,६०० कोटींहून अधिक खर्च. आणि २०२० मध्ये ‘कॅग’चा ठपका, की भूजल वाढवण्यात फारसे यश नाही. ताळेबंद कागदावर त्याही योजनेत होता. पण साठलेले पाणी कोणी किती उपसायचे, हा अवघड प्रश्न खोदकामाच्या आकड्यांखाली दबून गेला.

यावर आक्षेप येईल, की ताओ विचाराला बंदी-हुकमांचेही वावडे आहे आणि हिवरे बाजार तर बंदीवरच उभे आहे. खरे आहे, पण ती बंदी लोकांनी समोरासमोर बसून स्वतःवर घातली आणि गवत कापून न्यायची वाट मोकळी ठेवली. वरून आलेला हुकूम आणि हे, दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. अदृश्य नेत्याचे उदाहरण म्हणून २०२० च्या पद्मश्रीचे मानकरी पवार कसे चालतील? नाहीच चालणार, आणि गावाची खरी परीक्षा त्यांच्यानंतरच होईल. मात्र ताळेबंदाची रीत अशी आहे, की ती चालवायला असामान्य माणूस लागू नये. शिवाय, सरकारने हात झटकावेत असाही याचा अर्थ नाही. चर खणणाऱ्यांची मजुरी सरकारी पैशातूनच आली, आणि दुष्काळात टँकर पाठवायला सरकारच लागते.

सरकारने एवढेच करावे: २००९ चा भूजल कायदा हाताशी आहे, त्याच्या आधाराने ग्रामसभेच्या ताळेबंदाला बंधनकारक दर्जा द्यावा आणि त्याविरुद्ध जाणारी उसाची नोंद साखर कारखान्यांना घेता येऊ नये. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या जिल्ह्यात झाली, तिथे ही मागणी कोणाला झोंबेल हे सांगायला नको. म्हणूनच पुढाऱ्यांना नवे नाले खणणे सोपे वाटते.

– एक वाचक, अहिल्यानगर