खापर कोणाच्या डोक्यावर?

श्वेतपत्रिका आली, काळी पत्रिकाही आली. ठेवीदाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्हींत सापडत नाही

विशेष प्रतिनिधी

मुंबई : केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लोकसभेत अर्थव्यवस्थेवरील श्वेतपत्रिका सादर केली. २००४ ते २०१४ या काळातील संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारच्या कारभारावरील तो आरोपनामाच होता. त्याच दिवशी काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी 'दस साल, अन्याय काल' या मथळ्याची काळी पत्रिका प्रसिद्ध करून २०१४ नंतरच्या दहा वर्षांचा पंचनामा केला. एकाच देशाच्या अर्थकारणाची ही दोन चित्रे. पहिल्यात बहुतेक सारे दोष २०१४ पूर्वीचे, दुसऱ्यात सारे त्यानंतरचे. लोकसभा निवडणूक तेव्हा जेमतेम दोन महिन्यांवर आली होती, हा योगायोग नव्हता.

श्वेतपत्रिका हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. सिंचनाची श्वेतपत्रिका राज्याने २०१२ मध्ये पाहिली, आर्थिक स्थितीची २०१५ मध्ये. वस्तुस्थिती लोकांपुढे ठेवणे हा अशा दस्तऐवजाचा मूळ हेतू. प्रत्यक्षात मात्र तो आधीच्यांवर खापर फोडण्याचे किंवा आपली बाजू सावरण्याचे साधन ठरत आला आहे.

राजकीय पक्षांच्या लेखी मे २०१४ ही देशाच्या आर्थिक इतिहासातील लक्ष्मणरेषा आहे. अर्थव्यवस्थेला ती रेषा ठाऊक नाही. कर्ज आज दिले जाते, प्रकल्प तीन-चार वर्षांनी रखडतो, थकबाकी त्यानंतर उघडी पडते आणि तिची भरपाई पुढची चार-पाच वर्षे चालते. एवढ्या अवधीत सरकार बदललेले असते. साहजिकच प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीचे वर्ष निवडता येते आणि त्या वर्षाचा आकडा खराही असतो.

कर्ज एकाच्या काळात, थकबाकी दुसऱ्याच्या

बँकांच्या थकीत कर्जांचा वाद हे याचे ठळक उदाहरण. सरकारी बँकांनी दिलेली एकूण कर्जे मार्च २००४ मध्ये ६.६ लाख कोटी रुपये होती; मार्च २०१२ मध्ये ती ३९ लाख कोटींवर गेली, असे श्वेतपत्रिका सांगते. दुसरीकडे, व्यापारी बँकांच्या ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे सरकार येऊन चार वर्षे होत आली असताना. पहिला आकडा भाजप सांगतो, दुसरा काँग्रेस. दोन्ही आकडे एकाच कथेतील आहेत.

ती कथा थोडक्यात अशी. २००४ ते २००८ या तेजीच्या काळात वीज, पोलाद, रस्ते आणि दूरसंचार या क्षेत्रांतील प्रकल्पांना बँकांनी सढळ हाताने कर्जे दिली. तेजी कायम राहील, हे त्यामागील गृहीतक होते. २००८ च्या जागतिक अरिष्टानंतर मागणी घटली. पुढे भूसंपादन, पर्यावरण परवाने आणि कोळशाचा पुरवठा यांत प्रकल्प अडकले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने आणि सप्टेंबर २०१४ मध्ये २१८ पैकी २१४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. त्यातील खाणपट्टे १९९३ पासून वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी वाटलेले होते, हे येथे नमूद करावयास हवे.

दरम्यान, अडचणीतील कर्जांची फेररचना करून ती कागदोपत्री 'सुदृढ' दाखविण्याची सवलत बँकांना मिळत राहिली. दुखणे होते, पण तापमापकच गुंडाळून ठेवला होता. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांच्या दर्जाची झाडाझडती सुरू केली आणि झाकलेली थकबाकी ताळेबंदात उतरू लागली. म्हणूनच २०१५ नंतर आकडे फुगले. थकीत कर्जे त्या वर्षी जन्माला आली नव्हती. ती तेव्हा मोजली गेली.

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय अंदाज समितीला दिलेल्या टिपणात हाच क्रम मांडला. थकीत कर्जांचा मोठा भाग २००६ ते २००८ या काळात दिलेल्या कर्जांचा आहे, असे त्यांनी लिहिले. बँकांचा फाजील आशावाद, मंदावलेली वाढ, काही प्रकरणांतील लबाडी ही कारणे त्यांनी सांगितलीच. त्याचबरोबर, चौकशीच्या भीतीने दिल्लीतील निर्णयप्रक्रिया मंदावली आणि हे दोन्ही आघाड्यांच्या सरकारांच्या काळात घडले, असेही स्पष्ट केले. भाजपने टिपणातील २००६ ते २००८ चा उल्लेख उचलला; मोठ्या घोटाळेबाजांची यादी पंतप्रधान कार्यालयाला दिली होती, हा उल्लेख काँग्रेसने उचलला. 'दोन्ही' हा शब्द मात्र कोणीच उचलला नाही.

ठेवीदार आणि सहा पंतप्रधान

या वादाचा सर्वाधिक बोलका अंक मुंबईतच रंगला. १५ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात बोलताना सीतारामन यांनी, डॉ. मनमोहन सिंग आणि राजन यांचा काळ हा सरकारी बँकांसाठी सर्वांत वाईट काळ होता, अशी टीका केली. दोनच दिवसांनी, विधानसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी मुंबईत आलेल्या सिंग यांनी पत्रकार परिषदेत उत्तर दिले. आपल्या कार्यकाळात काही उणिवा राहिल्या हे त्यांनी नाकारले नाही. परंतु साडेपाच वर्षे सत्तेवर असलेल्या सरकारला प्रत्येक दोष मागच्यांवर ढकलता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. राजन यांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीतील दोन तृतीयांशांहून अधिक काळ भाजपच्या राजवटीतील होता, हेही पुढे निदर्शनास आले.

हा वाग्युद्धाचा प्रसंग रंगत असताना पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, अर्थात 'पीएमसी'चे ठेवीदार रस्त्यावर उतरले होते. रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी या बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून काढता येणारी रक्कम आधी केवळ एक हजार रुपयांवर आणली. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी ठेवलेला पैसा समोर दिसत असूनही हाती येत नव्हता.

या ठेवीदाराने दोष कोणाला द्यावा? सहकारी बँकांवर सहकार खाते आणि रिझर्व्ह बँक यांचे दुहेरी नियंत्रण १९६६ पासून चालत आले होते. दोघांचेही लक्ष, म्हणून कोणाचेच लक्ष नाही, ही त्यातील खोट २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा बँकेच्या पतनाने चव्हाट्यावर आणली. तेव्हा केंद्रात अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार होते. त्यानंतर दहा वर्षे सिंग यांचे सरकार आले आणि गेले. रिझर्व्ह बँकेला पुरेसे अधिकार देणारी कायदादुरुस्ती २०२० मध्ये झाली, तीही 'पीएमसी'चा भोपळा फुटल्यानंतर.

ठेव विम्याची कथा याहून बोलकी आहे. बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख रुपये करण्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख होईपर्यंत २७ वर्षे गेली. नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल, सिंग आणि मोदी असे सहा पंतप्रधान झाले. महागाईने त्या एका लाखाची किंमत पार झिजवली, तरी मर्यादा तिथेच राहिली. या विलंबाला कोणत्याही श्वेतपत्रिकेत वा काळ्या पत्रिकेत महत्त्वाची जागा नाही. कारण तिथे बोट दाखवायला एकच पक्ष सापडत नाही.

तेलाचे रोखे आणि पेट्रोलचा भाव

इंधनाच्या बाबतीतही हाच खेळ झाला. मुंबईत पेट्रोलने २०२१ च्या मे महिन्यात लिटरला शंभरी ओलांडली. आधीच्या सरकारने काढलेल्या तेल रोख्यांचा बोजा असल्याने उत्पादन शुल्क कमी करता येत नाही, असे सीतारामन यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले. हे अर्धसत्य होते. सिंग सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी रोखे दिले आणि खर्च पुढच्यांच्या गळ्यात मारला, हे खरे. सुमारे १.३ लाख कोटी रुपयांचे मुद्दल तेव्हा बाकी होते. परंतु या रोख्यांवरील व्याज वर्षाला सुमारे दहा हजार कोटी रुपये होते आणि पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्काचे २०२०-२१ मधील उत्पन्न तीन लाख कोटींहून अधिक. पेट्रोलवरील हे शुल्क २०१४ मध्ये लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे होते. मे २०२० मध्ये ते ३२ रुपये ९८ पैशांवर नेण्यात आले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने शुल्क घटविले, तेव्हा रोखे जागच्या जागी होते.

केंद्राने राज्यांच्या 'व्हॅट'कडे बोट दाखविले, महाराष्ट्रासारख्या राज्यांनी केंद्राकडील 'जीएसटी'च्या थकबाकीकडे. पंपावर उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या खिशातून दोघांचाही वाटा एकाच वेळी वजा होत होता.

रुपयाच्या घसरणीतही केवळ भूमिका बदलल्या, संवाद तेच राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पुढे घसरला, तेव्हा विरोधी बाकांवरील भाजपने त्यात सरकारची नामुष्की पाहिली आणि सरकारने जागतिक परिस्थितीचे कारण दिले. डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने ९० ची पातळी ओलांडली, तेव्हा काँग्रेस नामुष्कीविषयी बोलू लागली आणि जागतिक परिस्थितीचे कारण दिल्लीतच राहिले.

मोजपट्टीच वादात

निदान आकड्यांवर तरी एकमत असावे, अशी अपेक्षा असते. तीही आता उरलेली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये विकासदराची मागील वर्षांची सुधारित मालिका प्रसिद्ध झाली आणि २०१०-११ चा १०.३ टक्के विकासदर ८.५ टक्क्यांवर आला. त्याआधी काही महिने एका सरकारी समितीच्या अहवालातील आकडे याच्या उलट, सिंग सरकारच्या काळातील वाढ अधिक दाखवीत होते. नवी मालिका जाहीर करताना सांख्यिकी खात्याच्या जोडीला नीती आयोग बसल्याने संशय बळावला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. बेरोजगारीचा दर ६.१ टक्के दाखविणारा अहवाल निवडणूक आटोपून नवे सरकार शपथबद्ध झाल्यावरच अधिकृतपणे बाहेर आला.

आकडेवारीत सुधारणा होणे गैर नाही. जगभर ती होते. परंतु मोजणारी यंत्रणा स्वतंत्र आहे, हा विश्वास एकदा डळमळला की प्रत्येक पक्ष आपला आकडा घेऊन बसतो आणि वाद मिटण्याची शक्यताच संपते.

एक्याण्णवचा धडा

हे दुखणे आजचे नाही. १९९१ मध्ये सोने गहाण टाकल्याचा ठपका चंद्रशेखर यांच्या अल्पजीवी सरकारवर बसला आणि तो आजही पुसला गेलेला नाही. वस्तुतः त्या संकटामागे ऐंशीच्या दशकात वाढत गेलेली तूट होती. १९९०-९१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांवर पोहोचली. ऑगस्ट १९९० मध्ये आखाती संकटाने तेल महाग केले. मे १९९१ मध्ये २० टन सोने बाहेर गेले, ते चंद्रशेखर यांच्या काळात. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले गेले, ते राव यांच्या काळात. लोकांच्या स्मरणात पहिले नाव अपकीर्तीसह राहिले, दुसरे सुधारणांसह. जो शेवटी खुर्चीवर सापडला, त्याच्या डोक्यावर खापर फुटले.

प्रश्न कोणता विचारावा?

याचा अर्थ दोष सर्वांचा सारखा, असे म्हणून हात झटकावेत, असा नाही. सिंग सरकारच्या अखेरच्या वर्षांतील भाववाढ, २०१२-१३ मध्ये ४.८ टक्क्यांवर गेलेली चालू खात्यातील तूट आणि बँकांतील बेशिस्तीकडे झालेला काणाडोळा ही त्या सरकारची जबाबदारी आहे. नोटाबंदीचा निर्णय, इंधनावरील करांचा भार आणि सांख्यिकी यंत्रणेचा गेलेला विश्वास ही मोदी सरकारची. श्रेयाचेही तसेच. २००४ नंतरची वेगवान वाढ जशी खरी, तशीच २०१६ ची दिवाळखोरी संहिता आणि मार्च २०२५ मध्ये २.३ टक्क्यांपर्यंत खाली आलेले थकीत कर्जांचे प्रमाणही खरे.

या शेवटच्या आकड्यामागचा हिशेब मात्र पाहिला पाहिजे. २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे सरकारचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. कर्जदाराची जबाबदारी संपत नाही. परंतु त्यातील वसुली अल्प झाली. सरकारी बँकांना सावरण्यासाठी २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात सरकारने सुमारे ३.१ लाख कोटी रुपयांचे भांडवल ओतले, त्यातील बहुतांश रोख्यांच्या रूपाने. त्या रोख्यांचे व्याज आणि मुद्दल करदात्यालाच फेडावयाचे आहे, मग त्याने मत कोणालाही दिलेले असो.

म्हणून पुढची पत्रिका येईल, तेव्हा ती पांढरी की काळी हे पाहण्यापेक्षा तिला तीन साधे प्रश्न विचारावेत. चूक केव्हा झाली, ती केव्हा कळली आणि कळल्यानंतर दुरुस्तीला किती वर्षे लागली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा विरोधकांना अडचणीचे असते, तिसऱ्याचे सत्ताधाऱ्यांना. दुसरा प्रश्न दोघांनाही नकोसा असतो. 'पीएमसी'चे जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले आणि मोठ्या ठेवींची परतफेड वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत बांधली गेली. त्या ठेवीदारांनी दोन्ही पत्रिका वाचल्या असतील, तर त्यांना आपला पैसा कोणाच्या काळात अडकला हे कदाचित कळले असेल. तो वेळेत का वाचवता आला नाही, हे नव्हे.