बिघाड मीटरचा, खापर कारागिरावर

दुकानाचा काटा बिघडला की आपण ओळखीच्या कारागिराला बोलावतो. तो काहीतरी जोडतो, काटा चालू होतो, कारागीर निघून जातो. त्याने काय केले आणि काय बाकी ठेवले, हे कुठेच लिहिलेले नसते. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर दुसराच मुलगा बसतो. ही सवय किती महाग पडते, हे कॅनडातील एका विमानाच्या गोष्टीवरून कळते. विमानाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. गोष्ट डाख, माप आणि हिशेबाची आहे.

जुलै १९८३. एअर कॅनडाचे नवे बोईंग ७६७ विमान. टाकीतले इंधन मोजणाऱ्या यंत्राचे दोन भाग होते. एक बिघडला तर दुसऱ्याने काम चालवावे, अशी सोय होती. पण एका भागातील पुर्जाचा डाख कच्चा राहिला होता. तो भाग धड चालेना आणि धड बंदही पडेना, त्यामुळे काम चांगल्या भागाकडे गेलेच नाही. इंधनाचे मीटर कोरे झाले.

एडमंटनच्या कारागिराने खोड बरोबर शोधली. बिघडलेल्या भागाचा सर्किट ब्रेकर ओढताच मीटर चालू झाले. बदलायला नवे यंत्र नव्हते, म्हणून त्याने खुणेची चिकटपट्टी लावून ठेवली. पुढे माँट्रियलला दुसऱ्या कारागिराने तपासणीसाठी तोच ब्रेकर आत दाबला. मीटर पुन्हा कोरे झाले. तेवढ्यात तो इंधन मोजण्याच्या कामाकडे वळला आणि ब्रेकर तसाच राहिला. वैमानिकाने कोरे मीटर पाहिले. आधी झालेल्या तोंडी बोलण्यावरून त्याचा समज झाला की विमान असेच उडत आले आहे. नियमाप्रमाणे असे उड्डाण करता येत नव्हते.

मग कांडीने माप घेतले. टाकीत ७,६८२ लिटर इंधन होते, आणि प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा एक नव्हे, हे आपला तेलवाला जाणतो. येथे लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायचे, तर जुन्या सवयीचा पौंडाचा आकडा १.७७ वापरला गेला. सुमारे २०,००० लिटर भरायचे होते, भरले ४,९१७. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्यांनी गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर विमान उतरवले. आतील ६९ जण वाचले.

प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये ट्युनिंटर कंपनीच्या एटीआर ७२ विमानात एटीआर ४२ चा मीटर बसवला गेला. तो त्या जागेत नीट बसला, पण इंधन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागला. सिसिलीजवळ विमान समुद्रात उतरवावे लागले आणि ३९ पैकी १६ जण दगावले. जागेत बसणारा पुर्जा योग्यच असतो असे नाही, हे गॅरेजवाल्या बंधूंनी ध्यानात ठेवावे.

आता मुद्द्याचे. एअर कॅनडाने आधी वैमानिकांना आणि कारागिरांना शिक्षा केली. न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांच्या चौकशीने मात्र कंपनीचे दोष दाखवले. सुटे भाग हाताशी नव्हते, नव्या मापाचे शिक्षण अपुरे होते आणि इंधनाचा हिशेब नक्की कोणी करायचा हेच ठरलेले नव्हते. माझ्या मते हाच न्याय आपल्या कारखान्यांनाही लागू आहे. चूक झाली की मालक कारागिराला काढून टाकतो आणि प्रश्न सुटला असे समजतो. नवा माणूस येतो, आणि तीच चूक पुन्हा होते.

कोणी म्हणेल, लिहीत बसलो तर धंदा कधी करायचा? बंधूंनो, दोन ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. बिघडलेल्या यंत्रावर चिठ्ठी लावा : काय बिघडले, काय केले, कशाला हात लावू नये. पाळी बदलताना ती वही पुढच्याच्या हाती द्या. मीटर बंद असेल तर दुसऱ्या पद्धतीने मोजा आणि आकड्यापुढे किलो की लिटर ते लिहा. कच्चा डाख कुणाच्याही हातून राहू शकतो. पुढच्या माणसाला तो कळेल अशी व्यवस्था लावणे हे मालकाचे काम आहे.