मिस्त्री, मालक आणि न लिहिलेला करार

पहिला पाऊस पडला की गोव्यातील गॅरेजांपुढे वाहनांची गर्दी होते आणि तिच्या पाठोपाठ तक्रारींचाही हंगाम सुरू होतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने वर्षभर कुरतडलेल्या तारा, जोड आणि पत्रे चार सरींतच आपली व्यथा बोलून दाखवू लागतात. गाडी वाटेत बंद पडते. मालक ती कशीबशी गॅरेजात नेऊन पोचवतो. "बघून सांगतो," एवढे आश्वासन घेऊन तो परततो आणि दोन दिवसांनी त्याच्या कानी जो आकडा पडतो, तो ऐकून त्याला घाम फुटतो. एवढे काम मी सांगितलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे. इंजिन उघडल्यावाचून आत काय आहे ते कळणार कसे, हा मिस्त्रीचा सवाल. पुष्कळदा दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात आणि या भांडणाची खरी मेख हीच आहे.

हा विषय अग्रलेखाच्या योग्यतेचा नाही असे कोणास वाटेल तर त्याने पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांकडे जरा निरखून पाहावे. पेडण्यात ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. कर्ज काढून टॅक्सी घेतलेला तरुण आणि मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर भाड्याच्या दुचाकी ठेवणारा कुटुंबप्रमुख, या दोघांचे पोट गाडीच्या चाकावर चालते. डिचोलीची कथा याहून कडवट आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर मार्चच्या मध्यास पुन्हा थांबल्या. त्या काळात अंगणात उभे राहून गंजलेले टिपर ज्यांनी पाहिले, त्यांना उभे वाहनही खर्च मागते हे सांगावे लागत नाही. खनिज वाहतुकीवर जगणारी गॅरेजेही त्याच फेऱ्यात सापडली. ज्याचे वाहन हीच ज्याची शेती, त्याच्या दृष्टीने गॅरेजात गेलेले आठ दिवस म्हणजे बुडालेली आठ दिवसांची कमाई, आणि बँकेचा हप्ता तर गॅरेजची सबब ऐकत नाही.

पूर्वी निदान आणि दुरुस्ती यांत एवढे अंतर नव्हते. कार्बोरेटर खोलला, जेट साफ केला, प्लग बदलला, की मालकाच्या डोळ्यांदेखत गाडी धडधडू लागे. मजुरीचा आकडाही समोरच ठरे. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहाचे निकष सक्तीचे झाले आणि बहुतेक दुचाकींतूनही कार्बोरेटर निघून गेला. त्याच्या जागी सेन्सर आणि त्यांचे म्हणणे ऐकून निर्णय घेणारा छोटा संगणक आला. आता दिवा पेटतो, मिस्त्री स्कॅनर लावतो आणि पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो. येथेच घोटाळ्यास आरंभ होतो. तो क्रमांक रोगाचे नाव सांगत नाही, फक्त लक्षण सांगतो. इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे, असा संकेत मिळाला तर त्याचे कारण फाटलेली रबरी नळी असू शकते, थकलेला इंधनपंप असू शकतो, गंजलेला जोड असू शकतो किंवा खरोखरच बिघडलेला सेन्सर असू शकतो. अनुभवी कारागीर नळीपासून सुरुवात करतो. घाईतला माणूस थेट सेन्सर बदलतो, दिवा विझला नाही तर दुसरा बदलतो, आणि या सगळ्या प्रयोगांचे शुल्क मालकाच्या बिलात जमा होते. यात लबाडी असतेच असे नाही. पण अज्ञानाची किंमत ज्याने अज्ञान दाखवले त्याने भरावी की ज्याची गाडी आहे त्याने, हा प्रश्न उरतोच.

लबाडी मुळीच नसते असेही कोणी म्हणू नये. १९४१ मध्ये अमेरिकेतील 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाच्या दोघा प्रतिनिधींनी एक साधा प्रयोग केला. गाडीतील एक तार मुद्दाम सुटी करून ते देशभर हिंडले आणि ३४७ गॅरेजांत गेले. तार जोडायला मिनिटभरही पुरे होते. तरी २१८ ठिकाणी न झालेल्या कामाचे किंवा अनावश्यक कामाचे पैसे त्यांच्याकडे मागण्यात आले. उरलेल्या १२९ ठिकाणी मात्र फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात काम झाले. हा आकडा पुढे करून पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मिस्त्रीवर संशय घेण्याचा आमचा हेतू नाही. आपल्याकडे असा प्रयोग कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. तो केला गेला तर एकतृतीयांशाहून अधिक प्रामाणिकपणा सापडेल अशी आमची खात्री आहे. ज्याला रोज त्याच रस्त्याने जायचे आहे आणि चतुर्थीला ज्याच्या घरी बोलावणे आहे, त्याला फसवणे अनोळखी प्रवाशाला फसवण्याइतके सोपे नसते. पण हीच ओळख तक्रारीच्या आड येते, हेही तितकेच खरे. शेजारच्या माणसाविरुद्ध कागद करायचा कोणी, या संकोचात अनेक तक्रारी मनातच विरून जातात आणि पुढच्या वेळी गाडी गुपचूप सीमेपलीकडे बांद्याला किंवा दोडामार्गला जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० मिस्त्रीच्या बाजूने आहे. आपल्या कौशल्याने व श्रमाने ज्याने वस्तूवर काम केले, त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार हे कलम देते. कायद्यातील दृष्टान्त जवाहिऱ्याचा आणि शिंप्याचा आहे. मोटार तेव्हा जन्मलीही नव्हती. म्हणून बिलावर वाद झाला की गाडी बळजबरीने काढून नेणे किंवा पोलिसांत जाऊन चोरीची तक्रार देणे हा मार्ग नव्हे. शहाण्या मालकाने बिलावर हरकत लिहून पैसे भरावेत, गाडी ताब्यात घ्यावी आणि मग दाद मागावी. पण कलमातील मोबदला हा ठरलेल्या कामाचा मोबदला आहे. काम ठरले होते काय, हेच सिद्ध करता येत नसेल तर मिस्त्रीचा हक्कही लटका पडतो आणि मालकाचा आक्षेपही.

दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे ग्राहक आयोग. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. ग्राहकाने मागूनही बिल न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "बिल घेतलेत तर जीएसटी पडेल" ही गॅरेजातील नेहमीची सूचना या प्रकाशात वाचावी. सेवा व्यवसायात वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान गॅरेजवाल्याला सामान्यतः जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्याने साधे बिल दिले म्हणून त्याचे काही बिघडत नाही. ज्याची उलाढाल त्याहून मोठी आहे, त्याने कर चुकवण्यासाठी ग्राहकाला साक्षीदार का करावे?

या कायद्यात एक भोक आहे आणि पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी ते समजून घेतले पाहिजे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही. जुन्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने असे स्पष्ट केले होते की, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या व्यापारी हेतूच्या समजू नयेत. २०१९ च्या कायद्यातील स्पष्टीकरणात वस्तूंचा उल्लेख उरला, सेवांचा गळाला. म्हणजे एकच टॅक्सी स्वतः चालवणाऱ्याला ती सदोष निघाल्यास ग्राहक म्हणून उभे राहता येते. पण तीच टॅक्सी दुरुस्तीला दिली आणि काम बिघडले, तर समोरचा वकील "हा ग्राहकच नव्हे" असा आक्षेप घेऊ शकतो. हा संसदेचा हेतू असेल असे आम्हांला वाटत नाही. मसुदा करणाऱ्याच्या हातून शब्द निसटला असावा. पण निसटलेल्या शब्दाने गरिबाचे दार बंद होत असेल तर गोव्याच्या खासदारांनी तो शब्द परत मिळवण्यासाठी संसदेत उभे राहायला हवे.

कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांत सर्व काही आलबेल आहे, असाही कोणी समज करून घेऊ नये. तेथे छापील बिल मिळते हे खरे, पण ओळी वाचू लागल्यास डोळे दिपतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणाने. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात येऊ न देता त्यांनी स्वतंत्र गॅरेजांची वाट रोखली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, तो भाग वेगळा. पण मुद्दा आमच्या मिस्त्रीच्याही बाजूचा आहे. कंपनीचे पुस्तक आणि कंपनीचा स्कॅनर त्याच्या हाती पडणार नसेल तर तो अंदाजानेच काम करणार. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला; परंतु संकेतस्थळावर माहिती टाकणे आणि हरमलच्या गॅरेजात साधन पोचणे यांत पुष्कळ अंतर आहे. ते कमी करण्याचे काम पेडणे आणि डिचोली येथील सरकारी आयटीआय करू शकतील. संध्याकाळच्या वेळी, धंदा करणाऱ्या मिस्त्रींसाठी, विजेच्या आणि सेन्सरच्या निदानाचे अल्प मुदतीचे वर्ग तेथे भरावेत. आज गॅरेज उघडू पाहणाऱ्याकडे व्यापार परवाना मागतात, हाताच्या कसबाचा दाखला कोणी मागत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्येच कायदा करून गॅरेजवाल्यावर लेखी अंदाजपत्रकाचे बंधन घातले. त्याहून जास्त काम निघाल्यास आधी मालकाची संमती घ्यावी आणि त्याने मागितल्यास काढलेले जुने भाग परत द्यावेत, असे ठरवले. आपल्याकडे असा खास कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळेच्या वहीचे एक पान पुरते. त्यावर तारीख, गाडीचा क्रमांक, मालकाने सांगितलेली तक्रार, मिस्त्रीचा अंदाज आणि "यापेक्षा जास्त लागल्यास फोन करावा" ही एक ओळ लिहावी. खाली दोन सह्या. एवढ्याने निम्मे तंटे जागीच संपतील. जुना भाग हातात घेऊन बघावा, आणि नवा भाग ज्या खोक्यातून आला तो खोकाही मागून घ्यावा. त्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा अधिक आकारणे बेकायदेशीर आहे आणि त्यासाठी वजनमाप खात्याकडे जाता येते. खोका नाहीच म्हणतात, तेव्हा माल कोणता बसवला हेही समजून चुकावे.

लहान गॅरेजवाल्याचा एक आक्षेप आम्ही ऐकून आहोत. हातांना ग्रीस लागलेले असताना लिहीत कोण बसणार? त्याची अडचण खोटी नाही. पण उधारीची वही तो ठेवतोच. चतुर्थीनंतर देतो म्हणून गेलेले गिऱ्हाईक शिगम्यापर्यंत फिरकत नाही, आणि मग वहीतल्या नोंदीलाही सही नसते. आज लिखाणाचा अभाव गिऱ्हाइकापेक्षा त्यालाच अधिक महागात पडतो, हे त्याने हिशेब मांडून पाहावे.

राहिला प्रश्न न्याय दारी येण्याचा. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीत आहे. केरीच्या किंवा मयेच्या माणसाने चार हजारांच्या वादासाठी दिवसाची मजुरी बुडवून तिकडे किती खेपा घालाव्यात? कायद्याने दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची मुभा दिली आहे, आयोगाला जोडून मध्यस्थी कक्षाची तरतूद केली आहे आणि एका जिल्ह्यात एकाहून अधिक आयोग स्थापण्याचा अधिकारही राज्य सरकारला दिला आहे. दुसरा आयोग लगेच मिळेल अशी आशा आम्ही करीत नाही. मात्र महिन्यातून एक दिवस पेडण्याच्या आणि एक दिवस डिचोलीच्या मामलेदार कचेरीत मध्यस्थांची बैठक बसवणे, तेथे मोटारीचे ज्ञान असलेला एखादा निवृत्त अभियंता किंवा आयटीआयचा शिक्षक बोलावणे, आणि गाडी प्रत्यक्ष समोर उभी करून दोन्ही पक्षांचे ऐकणे, एवढे तर नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याला करता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवा कायदा, नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. खात्याने आदेश काढावा आणि पहिल्या बैठकीची तारीख दोन्ही तालुक्यांच्या पंचायतींच्या फलकांवर लावावी.