दोन गिरक्यांची अट

ड्रोन उडवायला अंगात ताकद लागत नाही, हा समज बऱ्याच अंशी खरा आहे. दोन अंगठ्यांनी रिमोटच्या काड्या हलवायच्या आणि पडद्यावर नजर ठेवायची. पाय चालत नसले तरी डोंगराची पलीकडची बाजू पाहता येते. मणक्याच्या दुखापतीनंतर चाकाच्या खुर्चीवर आलेल्या, पोलिओमुळे कॅलिपर लावणाऱ्या, स्नायूंच्या आजाराने खांद्यातले बळ गेलेल्या माणसांना या यंत्राची ओढ वाटते ती त्यामुळेच. पण उड्डाणाआधी कधी कधी ॲपवर एक सूचना झळकते, ‘कंपास कॅलिब्रेट करा’, आणि सगळा मामला पुन्हा शरीरावर येऊन ठेपतो.

ही कृती जरा जवळून पाहू. ड्रोन जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, दोन्ही हातांनी आडवा धरायचा. तसाच धरून जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायची. खूण मिळाली की मनगटे वळवून ड्रोनचे नाक जमिनीकडे करायचे आणि दुसरी गिरकी घ्यायची. जमले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. धडधाकट माणसाचे हे काम मिनिटभरात उरकते आणि तो ते विसरूनही जातो. ज्याला उभे राहता येत नाही, ज्याचा एकच हात चालतो किंवा ज्याचे मनगट संधिवाताने आखडले आहे, त्याला मात्र इथे कुणाला तरी हाक मारावी लागते. कुणी जवळ नसेल, तर ड्रोन पेटीत परत जातो.

या दोन गिरक्यांत शास्त्राची गरज किती आणि नुसती सवय किती, हे तपासायला हवे. 

जीपीएस ड्रोनला तो कुठे आहे हे सांगते. एका जागी तरंगत असताना त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे साध्या जीपीएसला कळत नाही. ते काम मॅग्नेटोमीटरचे, म्हणजे ड्रोनमधल्या छोट्या होकायंत्राचे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला असते, म्हणजे अगदीच क्षीण. त्यात ड्रोनच्या मोटरींमधले चुंबक, पोलादी स्क्रू आणि वीज वाहणाऱ्या तारा आपापली भर घालतात. दिशा चुकीची कळली, तर ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वाढत्या वर्तुळांत घिरट्या घालू लागतो आणि कधी झाडावर, कधी माणसांवर जातो. म्हणून कॅलिब्रेशन ही टाळून चालणारी औपचारिकता नाही.

त्यामागचे गणित मात्र सोपे आहे. ड्रोनचे स्वतःचे चुंबकत्व ड्रोनबरोबर फिरते, पृथ्वीचे जागेवर राहते. ड्रोन वेगवेगळ्या दिशांना वळवून नोंदी घेतल्या की त्या मिळून एक गोल तयार होतो. त्या गोलाचा मध्य जितका सरकलेला, तितकी ड्रोनची स्वतःची भेसळ. ती वजा करायची. दूध मोजण्याआधी भांड्याचा धडा करतात, तसाच हा ड्रोनचा धडा.

या गणिताला फक्त ड्रोनचे वळणे हवे आहे. तो कुणी वळवला, उभ्याने की बसून, एका हाताने की दोन, याची त्याला पर्वा नाही. हात थरथरला म्हणून हिशेब बिघडत नाही. उलट थोड्या वेगळ्या कोनांतल्या काही नोंदी जास्त मिळतात. ज्या गोष्टी माणसाचा ‘दोष’ म्हणून आडव्या येतात, त्यातल्या बहुतेकांशी मोजमापाचा संबंधच नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला साहजिकच सुचते की, ड्रोन मांडीवर धरावा आणि खुर्चीच गोल फिरवावी. हाच मार्ग सर्वांत घातक आहे. आपल्याकडच्या बऱ्याच खुर्च्या पोलादी नळ्यांच्या असतात आणि विजेवर चालणाऱ्या खुर्चीत तर मोटरी व बॅटरीही असतात. खुर्ची ड्रोनबरोबर फिरली की तिचे चुंबकत्व ड्रोनचेच समजले जाते. धडा खुर्चीसकट होतो, आणि हवेत तर ड्रोन एकटाच जातो. खिशात मोबाइल ठेवून गिरकी घेऊ नका, ही सूचनाही याच कारणाने दिलेली असते. याउलट खुर्ची स्थिर राहिली आणि थोड्या अंतरावर ड्रोन एकटाच जागच्या जागी वळला, तर खुर्चीचा परिणाम त्या जागेच्या क्षेत्रात मिसळतो. ड्रोनच्या नावावर तितकासा चढत नाही. लहान चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले की तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे हातभर लांब सरकण्यानेही मोठा फरक पडतो.

यातून घरगुती उपाय निघतो. केक सजवण्यासाठी मिळते तसे प्लॅस्टिकचे फिरते स्टँड लाकडी स्टुलावर ठेवायचे, त्यावर ड्रोन ठेवायचा आणि एका बोटाने किंवा लांब काठीने स्टँड फिरवायचे. स्टँडच्या पोटात पोलादी छरे असू शकतात, म्हणून त्यावर आधी मोबाइलमधले होकायंत्र धरून पाहावे. दुसऱ्या गिरकीसाठी थर्माकोलच्या ठोकळ्यात ड्रोनच्या नाकाच्या मापाची खाच कापली की तो त्यात उभा राहतो. कॅलिब्रेशन सुरू असताना पंखे फिरत नाहीत, त्यामुळे वेळ घेऊन, सावकाश हे करता येते.

जागेचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. खुर्ची जिथे सहज जाते त्या जागा म्हणजे इमारतीची गच्ची, वाहनतळ, सिमेंटचा रस्ता. या सगळ्यांच्या पोटात सळया असतात. चुंबकीयदृष्ट्या स्वच्छ जागा म्हणजे शेत, माळरान, मातीचे मैदान, आणि तिथे चाके रुततात. सह्याद्रीत तर कातळही भरवशाचा नाही. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. उघड्या खडकावर ठेवलेले होकायंत्र भलतीकडे झुकू शकते. जिथे पोहोचता येते तिथे मोजता येत नाही आणि जिथे मोजता येते तिथे पोहोचता येत नाही, अशी ही कोंडी आहे. उंच लाकडी स्टूल तिच्यातून थोडा मार्ग काढते, कारण सळयांपासूनचे अंतर वाढते. दीड मीटर हा आकडा उभ्या माणसाच्या छातीशी जुळतो, पण हेतू अंतराचा आहे आणि तो स्टूलही साधते.

दर उड्डाणाआधी कॅलिब्रेशन केलेच पाहिजे, हा गैरसमजही सोडायला हवा. डीजेआयच्या अनेक ड्रोनच्या पुस्तिकांत हे काम मागच्या उड्डाणापासून ५० किलोमीटरहून दूर गेल्यावर, ३० दिवसांहून अधिक काळ ड्रोन पडून राहिल्यावर किंवा तशी सूचना आल्यावर करावे, असे म्हटले आहे. रोज त्याच शेतावर उडवणाऱ्याने चांगल्या जागी केलेले एक कॅलिब्रेशन जपावे, हे उत्तम.

मोजमापाच्या यंत्रासाठी माणसांनी किती तजवीज करायची, याचे ठळक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय वेधशाळा होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली, तीही चुंबकीय साहित्य टाळून. दोन्हीकडच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून काही काळ त्या एकाच वेळी घेतल्या गेल्या. सुईला शहर सोसत नाही म्हणून वेधशाळा खाडीपलीकडे नेणे कुणाला लाड वाटले नाही. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिची नोंदमालिका जगातल्या दीर्घ मालिकांपैकी एक मानली जाते.

ड्रोनच्या जगातही अशी सोय झाली आहे, मात्र ती झाली यंत्रासाठी. काही ड्रोन इतके मोठे असतात की ते उचलून फिरवणे कुणालाच शक्य नसते. त्यांच्यासाठी आर्डूपायलट या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी पद्धत आहे. ड्रोन जमिनीवर ठेवायचा, जीपीएस स्थिरावू द्यायचे आणि ड्रोनचे तोंड किती अंशावर आहे तेवढे भरायचे. त्या जागी चुंबकीय क्षेत्र किती असायला हवे हे सॉफ्टवेअरला जगाच्या चुंबकीय प्रारूपावरून ठाऊक असते. मिळालेला आकडा आणि अपेक्षित आकडा यांतला फरक म्हणजे ड्रोनची भेसळ. गिरकी नाही, उचलणे नाही. पीएक्स-४ या दुसऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्येही अशी झटपट पद्धत आहे. काही महागड्या ड्रोनवर तर दोन अँटेना बसवून उपग्रहांवरूनच दिशा काढतात.

दिशा भरून केलेल्या या कॅलिब्रेशनला मर्यादा आहेत. ही पद्धत ड्रोनची ठोक भेसळ काढते. लोखंडामुळे क्षेत्र वेडेवाकडे होते तो बारकावा तिला पकडता येत नाही. भरलेली दिशा चुकली, तर उत्तरही चुकते. म्हणून कारखान्यात एकदा पूर्ण कॅलिब्रेशन व्हावे आणि नंतरची डागडुजी या पद्धतीने व्हावी, असा मेळ घालता येईल. तरीही मुद्दा उरतोच. यंत्र जड झाले तेव्हा सॉफ्टवेअर बदलले. माणसाचा हात अशक्त असेल तेव्हा मात्र ‘कुणाला तरी बोलवा’ असे सांगितले जाते. छंदासाठीच्या लहान ड्रोनमध्ये ही सोय सहसा दिसत नाही, आणि ती न देण्याला तांत्रिक सबब नाही.

आपल्या देशात हा प्रश्न आताच विचारायला हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने मोजके अपवाद ठेवून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, त्यामुळे रचनेचा निर्णय बराचसा देशी उत्पादकांच्या हाती आला आहे. सरकार मोठे आश्रयदातेही आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान ठेवले गेले. या गटांचा फवारणीचा ड्रोन रिकामा असला तरी एका बाईने उचलून फिरवावा असा नसतो; गिरकीसाठी दोघे लागतात. म्हणजे न उचलता होणारे कॅलिब्रेशन या धडधाकट महिलांनाही तितकेच हवे आहे. अनुदानाच्या निकषांत त्यासाठी एक ओळ वाढवणे कठीण नाही.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सरकारला सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला चालना द्यायला सांगतो. ड्रोन नियम, २०२१ मध्ये पायलटच्या प्रमाणपत्रासाठी १८ ते ६५ वर्षे वय, दहावी उत्तीर्ण असणे आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण अशा अटी आहेत. ड्रोन हातात धरून गिरकी घेता येणे ही अट त्यांत नाही. प्रशिक्षण संस्थांनी ती आपल्या बाजूने घालू नये. उमेदवाराला कॅलिब्रेशन कळते का, जागा पारखता येते का, बिघडलेली दिशा ओळखता येते का, हे तपासावे. ड्रोन त्याने स्वतः वळवला, स्टँडवर ठेवून वळवला की सहायकाला सांगून वळवून घेतला, हे गुणपत्रिकेत येण्याचे कारण नाही.

उत्पादकांनी एवढे तर लगेच करावे. पुस्तिकेच्या ज्या पानावर उभ्या माणसाचे गिरकी घेतानाचे चित्र असते, त्याच पानावर स्टूल, स्टँड आणि खाचेचा ठोकळा यांचे चित्र छापावे, खुर्ची फिरवू नका हा इशारा द्यावा, आणि ॲपमध्ये त्या पायऱ्यांना पुरेसा वेळ द्यावा.